अण्णांची ७४३ पुस्तकं

"घरातली पुस्तकं काढायची आहेत, तुम्ही काय केलंत?" असं गेल्या महिन्याभरात मला तिघांनी विचारलं. तिघांनाही फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच ठेवते. आमचं काम जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात संपलं. पंधरा दिवसांत उरकेल, असं मी ऑफिसात सांगितलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ऑगस्ट २०२४ मध्ये गेले. सोलापुरात मिलमध्ये हिशेबनीस होते. मिल बंद पडली तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. पुढं चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या दुकानात वह्या लिहायचे. पगार बेताचाच, पण महिन्याला दोन-तीन पुस्तकं घरात यायचीच, नवी कमी आणि जुनी जास्त. आई म्हणायची, "ह्यांना पगार नका देऊ, कपाट द्या." ते गेल्यावर आईनं माझ्याकडे जुळे सोलापुरात यायचं आणि बाळीवेशीतलं भाड्याचं घर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सोडायचं, असं मालकांशी ठरलं. माझा फ्लॅट दोन खोल्यांचा. पुण्याचा भाऊ म्हणाला, "वाचनालयाला देऊन टाक ना, अण्णांच्या नावाची पाटीपण लावतील." त्याला वाटत होतं वाचनालयवाले टेम्पो घेऊन दारात उभेच आहेत.

१२ जानेवारीच्या रविवारी मोजायला बसले. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, बाहेर गर्दी, घरात धूळ. लोखंडी रॅक चार, पलंगाखालच्या ट्रंका दोन, आणि माळ्यावर साडीच्या खोक्यांतून जे निघालं ते वेगळंच. मोजायला तीन रविवार गेले. आकडा आला ७४३, दिवाळी अंक सोडून.

इथंच पहिली चूक केली. सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकली. आपलं ऊन म्हणजे जानेवारीतही ऊनच. जुन्या पुस्तकांच्या पाठीचा डिंक आधीच वाळलेला असतो, तो तडकतो आणि पानं सुटी होतात. अशी नऊ पुस्तकं माझ्या हातानं गेली. सावलीत, पंख्याखाली, उभी आणि थोडी उघडी ठेवायची. पुसायला कोरडं सुती फडकं, ओलं अजिबात नाही. कसर लागलेली आणि बुरशीचा वास येणारी पहिल्याच दिवशी वेगळ्या खोलीत न्या. नाक आणि तोंड रुमालानं बांधा, नाहीतर माझ्यासारखा आठवडाभर खोकला.

मोजताना एक गोष्ट लक्षात आली. अण्णा पहिल्या पानावर तारीख आणि किंमत लिहायचे, हे मला माहीत होतं. पण शेवटच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात शेरा असायचा. तीनच शेरे. 'बरे.' 'पुन्हा वाचणे.' आणि 'उगाच.' एखाद्या ठिकाणी जास्तीचं काही. एका प्रवासवर्णनाच्या शेवटी 'लेखक जेवणावर फार लिहितो' असं होतं. मी सेहेचाळीस वर्षांची बाई, या घरात वाढले, आणि हे शेरे मी कधी पाहिलेच नव्हते. कारण सरळ आहे, शेवटच्या पानापर्यंत मी यातलं फारसं काही वाचलंच नव्हतं.

फेब्रुवारीत एका वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी पाटीचा विषय मी काढायच्या आधीच संपवला. म्हणाल्या, यादी द्या. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, छापील किंमत आणि सध्याची अवस्था. ती कार्यकारिणीपुढं जाईल, आमच्याकडे नसलेली तेवढी निवडू, ठराव झाला की आणून द्या. "गाडीभाडं तुमचं." मला जरा राग आला. पण त्यांनी आतली खोली दाखवली. कोणाकोणाच्या वडिलांची पुस्तकं गठ्ठ्यानं बांधून पडली होती, दाखल रजिस्टरात नोंद नाही, ठेवायला जागा नाही. "लोक आमच्या दारात ठेवून निघून जातात हो," त्या म्हणाल्या. यादी करायला मला सव्वा महिना लागला. रोज ऑफिसहून आल्यावर वीस पुस्तकं, मोबाइलवरच एक्सेलमध्ये.

आता गटाबद्दल. लॉकडाऊनमध्ये एका मैत्रिणीनं मला वाचणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप गटात घातलं होतं. दीडशेच्या आसपास माणसं, लातूर, नाशिक, कणकवली, बार्शी, नागपूर, कुठली कुठली. बोलणं पुस्तकांवर सुरू व्हायचं आणि गवारीच्या भाजीवर संपायचं. पाच वर्षांत मी तिथं वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. आपण काय बोलणार, हीच भीती. ९ मार्चला धीर करून रॅकचे सहा फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'वडिलांचा संग्रह द्यायचा आहे, हवी ती सांगा.'

अकरा अंगठे आले. दोघांनी 'समृद्ध संग्रह' म्हटलं. एकानं विचारलं, तो रॅक देणार का. पुस्तक एकानंही मागितलं नाही.

रात्री लातूरच्या काकूंचा मेसेज आला, गटात नाही, मला एकटीला. "बाळा, रॅकचा फोटो बघून कोण काय मागणार? पाठी वाचता येत नाहीत. एकेक पुस्तक घे आणि कसं आहे ते सांग. आवडलं नसेल तर तसं सांग." मी खरं ते सांगून टाकलं की मी वाचलेलंच नाही. त्यांचं उत्तर: "मग वाच की. ऑक्टोबर लांब आहे."

सगळं वाचणं शक्यच नव्हतं. मी स्वतःला नियम घातला. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याची निदान तीस पानं वाचायची, आणि शेवटचं पान बघायचं. पहिलं निवडलं एका निवृत्त स्टेशनमास्तरांचं आत्मकथन, त्यांनी स्वतःच छापून घेतलेलं. १६ मार्चच्या रात्री लिहिलं:

'पानं १९२. पाठ सुटलीय, वास येतो. पहिली चाळीस पानं घराण्याची वंशावळ, खुशाल सोडा. एक्केचाळिसाव्या पानापासून गाड्या सुटतात. अण्णांचा शेरा: पुन्हा वाचणे.'

आठ मिनिटांत चौघांनी मागितलं.

त्यानंतर रोज एक-दोन टिपा. तीन-चार ओळींच्या वर नाही. अवस्था आधी सांगायची, म्हणजे नंतर कुरकूर नाही. फोटो दोनच, मुखपृष्ठाचा आणि शेवटच्या पानाचा. आणि जे आवडलं नाही ते तसंच लिहायचं. हे मला सगळ्यात जड गेलं. अण्णांच्या पुस्तकाला आपण कंटाळवाणं कसं म्हणणार? पण त्यांनीच पासष्ट पुस्तकांवर 'उगाच' लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणजे 'उगाच' शेऱ्याची पुस्तकं पटापट जायला लागली. इतकं काय वाईट आहे ते बघायला लोकांना हवी असायची. पुढं पुढं गटात तो शब्दच रुळला. कोणी नवी मालिका पाहिली की खाली 'उगाच', कोणाच्या नणंदेचा पाहुणचार 'बरे'.

वाटपावरून मात्र एप्रिलमध्ये वाजलं. जो आधी मागेल त्याला, असं ठेवलं होतं. निवृत्त मंडळी दिवसभर फोन हातात घेऊन बसलेली, नोकरीवाल्यांच्या वाट्याला काही येईना. बार्शीची एक मुलगी दुकानात काम करते, तिथं फोन ठेवून घेतात. तिनं लिहिलं, "मला संध्याकाळी सातनंतरच कळतं, तोवर सगळं संपलेलं." मग पद्धत बदलली. टीप रात्री नऊला. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत कोणीही नाव द्यावं. एकाहून जास्त असतील तर चिठ्ठी. चिठ्ठी आई काढायची, आणि तिचा निकाल मी आवाजात रेकॉर्ड करून टाकायची. आईला नावं पाठ झाली होती. "त्या कणकवलीच्या मास्तरांना एकदाही लागली नाही गं," म्हणून एकदा तिनं सरळ दुसरी चिठ्ठी काढली. मी ते गटात सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही.

'बनगरवाडी'ला सर्वात जास्त नावं आली, चौदा. व्यंकटेश माडगूळकरांची ती कादंबरी माणदेशातली, आणि माणदेश आमच्या सांगोल्यापर्यंत पसरलेला. मेंढरांमागं जाणारी माणसं, दुष्काळात रिकामं होत जाणारं गाव आणि त्यात शाळा चालवणारा तरुण मास्तर. बहुतेकांनी ती वाचलेली होती, तरी हवी होती. आमच्याकडे तीन प्रती निघाल्या. आई म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाकायचे आणि परत आणायचे." तिन्हींवर 'पुन्हा वाचणे', तीन वेगळ्या वर्षांत लिहिलेलं.

आता पाठवण्याचं. ज्यांना खरी माहिती हवी आहे त्यांनी इथून नीट वाचा. मी मार्चमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं की पुस्तकांसाठी स्वस्तात असलेली रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्येच बंद झाली आहे. कुरिअरवाल्यानं अर्ध्या किलोच्या एका पुस्तकाला नाशिकसाठी १८० रुपये सांगितले. पुस्तकाची छापील किंमत बारा रुपये. म्हणून एप्रिलअखेरपर्यंत फक्त सोलापुरातल्यांना, हातोहात. एक जण अक्कलकोट रोडवरून यायचा, यंत्रमागावर पाळी संपवून. "ताई, हायत का घरी? मी गाडीवर येतो की." मराठी पुस्तकं न्यायचा, घरी तेलुगू बोलायचा. एकदा त्यानं वजन बघून विचारलं, "दोन नेऊ का? एक आईला वाचून दाखवतो, सांगत सांगत."

१ मे २०२५ पासून टपाल खात्यानं 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. गटातल्या नागपूरच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांनी त्याच आठवड्यात कळवलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि वाढत जाऊन ५ किलोला १००, त्यावर कर वेगळा. पार्सल रेल्वे-रस्त्यानं जातं, विमानानं नाही, त्यामुळे वेळ लागतो. पण नंबर मिळतो, कुठवर गेलं ते दिसतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं. व्यापारी जाहिरातीचं साहित्य आणि नियतकालिकं यात चालत नाहीत. म्हणून दिवाळी अंक मी पोस्टानं पाठवलेच नाहीत, गावातच वाटले. स्टेशनमास्तरांच्या पुस्तकावर छापखान्याचं नाव मागच्या बाजूला इतकं पुसट होतं की खिडकीवर भिंग धरून दाखवावं लागलं.

६ मेला पहिली चार पार्सलं घेऊन गेले. खिडकीवर 'ज्ञान पोस्ट' हे स्पष्ट सांगा, आणि पार्सलवरही मोठ्या अक्षरात लिहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते. दुपारी तीननंतर बरं. अर्ध्या किलोच्या आतलं एक पार्सल कर धरून तिशीच्या आसपास पडलं. माझी पार्सलं पोचायला पाच ते नऊ दिवस लागले. एक बावीस दिवसांनी पोचलं, कारण पिनकोडचे शेवटचे दोन आकडे मी उलटे लिहिले होते. पिन फोनवर ऐकून लिहू नका, मेसेजमध्ये मागवा.

बांधणीत सोलापूर कामाला आलं. चादरी ज्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत येतात त्या आईनं वर्षानुवर्षं घड्या घालून ठेवल्या होत्या. पुस्तकाला आधी ती पिशवी, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, मग खाकी कागद. पहिल्या खेपेला मी नुसता खाकी कागद लावला होता. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि कणकवलीचं पार्सल भिजून पोचलं. मास्तरांनी बिचाऱ्यांनी एकेक पान टीपकागदात धरून इस्त्री केली आणि वर मलाच फोटो पाठवला, "वाचण्याजोगं झालंय." शेवटी चिठ्ठी लागली होती आणि ती अशी.

रोजच्या गप्पा त्याबरोबर चालूच. मी नऊला टीप टाकायची, आणि आमच्याकडे तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, ते नेमकं त्याच वेळी. 'पाणी आलंय, नंतर बोलते' हे माझं ठरलेलं वाक्य. नाशिकच्या ताईंना ते विचित्र वाटायचं, "चार दिवसांनी?" मग पाणी साठवण्यावर अर्धा तास. एकीनं विचारलं, पुस्तकाबरोबर शेंगाचटणी पाठवाल का, आपल्याकडची. मी खिडकीवर खरंच विचारलं. आतले गृहस्थ वर न बघता म्हणाले, "चटणी वाचता येत नाही, मॅडम." चटणी नंतर वेगळ्या पार्सलनं गेली, पुस्तकाच्या तिप्पट खर्चात.

जुलैत वाचनालयाचा ठराव झाला. यादी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिली होती, म्हणजे साडेतीन महिने. त्यांनी १६४ पुस्तकं निवडली. रिक्षा टेम्पोला ४५० रुपये. बाईंनी माझ्यासमोर पहिल्या वीस पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकले आणि 'भेट' असा शिक्का मारला. पाटी नाही. भावाला मी शिक्क्याचा फोटो पाठवला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीला पूर आला. पुण्याकडचा रस्ता बंद, गाड्या अडकल्या. माझी सात पार्सलं बांधून घरातच राहिली. माढ्याकडच्या गावातल्या एक ताई चार दिवस गटात दिसल्याच नाहीत. टिपा थांबवल्या, कोणालाच काही सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांचा मेसेज: माणसं सुखरूप आहेत, धान्य आणि पुस्तकं गेली, तुमची दोन धरून. काय पाठवू विचारलं तर म्हणाल्या, "गोष्टीचं नको आत्ता. मुलाची दहावीची पुस्तकं मिळतील का बघा." दोन दिवसांत पूर्ण संच जमला. बार्शीच्या मुलीनं तो स्वतः एसटीनं नेऊन दिला.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीची धावपळ आणि घर सोडायची धावपळ एकदमच. वाळवी-कसर लागलेली आणि नव्वदच्या दशकातली इन्कम टॅक्सची गाइडं मिळून ८४ रद्दीत गेली, ३१ किलो, तेरा रुपयांनी ४०३ रुपये. रद्दीवाल्याला देताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण गाइडांचं काही वाटलं नाही.

हिशेब मागणाऱ्यांसाठी: पोस्टानं २८६ पुस्तकं, ११९ पार्सलांत. टपालखर्च ५,२१२ रुपये, त्यातले ४,७०० च्या आसपास घेणाऱ्यांनी यूपीआयनं दिले. कागद, टेप, सुतळी १,३४० माझे. गावात हातोहात १४८. घरी ठेवली ती ६१. पैसे पाठवायला जे विसरले त्यांना मी आठवण केली नाही. करायला हवी होती की काय, अजून ठरत नाही.

ठेवलेल्यांत त्र्यं. वि. सरदेशमुखांचं 'डांगोरा एका नगरीचा' आहे. आपल्या सोलापूरचे लेखक, २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच कादंबरीला. अण्णांनी त्यावर शेरा लिहिलेला नाही. मधे एसटीचं तिकीट आहे, म्हणजे तिथवर वाचलं असावं. मी त्या तिकिटाच्या बरीच अलीकडे आहे.

३० ऑक्टोबरला किल्ली दिली. रॅक त्याच माणसानं नेला, ज्यानं मार्चमध्ये विचारलं होतं.

गट चालू आहे. आता द्यायला माझ्याकडे काही नाही, पण नऊ वाजता फोन हातात येतोच. गेल्या आठवड्यात लातूरच्या काकूंनी एका पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटो टाकला. कोपऱ्यात अण्णांचं 'उगाच.' खाली लिहिलं होतं, "मला तर फार आवडलं हे. याच्याखाली माझं लिहिलं तर चालेल का?"

आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिही म्हणावं. पेन्सिलीनं लिही."